पेन्सिलीतल्या दोन खुणा

विमलमावशी,

तुझा फॉर्म अजून माझ्याकडे आहे. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि उद्या सकाळी गठ्ठा नागपूरला पाठवायचा आहे. बाकीचे फॉर्म सुतळीने बांधून दाराजवळ ठेवले आहेत. तुझा एकटा टेबलावर आहे. पंख्याने उडू नये म्हणून त्यावर स्टीलचा पेला ठेवला आहे.

मला रडू आलेले नाही. हे आधीच सांगते, कारण रडण्यावरून आपले भांडण झाले होते आणि ते मिटलेले नाही. मी जेवते. बसने जाते-येते. परवा बाबांनी विचारले, "बरी आहेस ना?" मी हो म्हटले आणि ताट उचलले. फॉर्मच्या पहिल्या पानावर एक प्रश्न होता: आजूबाजूचे सगळे काचेपलीकडे चालल्यासारखे वाटते का? तो मी कितीतरी बायांना वाचून दाखवला. कोणी अर्थ विचारलाच तर "म्हणजे मन लागत नाही का" एवढे सांगून पुढच्या प्रश्नावर जायचे. त्या प्रश्नात काच कशाला घातली होती ते मला आता कळले.

स्वाइन फ्लूचे ते दिवस होते. आपल्याकडे साथ आधी टीव्हीवर आली, मग लोकांच्या तोंडाला बांधलेल्या रुमालांवर दिसली, मग खरोखर दवाखान्यात. नागपूरच्या एका कॉलेजातल्या सरांना मोजायचे होते, की अशा साथीत राबणाऱ्या नर्सबायांच्या मनावर किती ताण येतो आणि त्यांना स्वतःची किंमत काय वाटते. गोंदिया जिल्ह्यातले फॉर्म भरून आणायचे काम मी घेतले. मी बिडी कामगारांच्या युनियनमध्ये वाढलेली मुलगी. बाबा पत्रके लिहायचे, आई आणि मी ओट्यावर बसून त्यांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शिकले तेच 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवर. पत्रक ओरडून सांगते आणि कोणी ऐकत नाही. आकडा मात्र साहेबालाही ऐकावा लागतो, असे मला वाटायचे. ते कोरे फॉर्म मी पिशवीत दारूगोळा भरल्यासारखे घेऊन आले होते.

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याची बैठक होती. चौदा जणी सतरंजीवर, प्रत्येकीच्या मांडीवर रजिस्टर. मी उभी राहून समजावले: नाव लिहायचे नाही, जे खरे ते लिहायचे, यात बरोबर आणि चूक असे काही नाही. मागच्या रांगेतून एकीने हात वर केला.

"मॅडम, याचं टार्गेट किती हाय?"

"कशाचं टार्गेट?"

"झोप नाई लागत, असं किती दाखवाचं?"

कोणी हसले नाही. ती खरेच विचारत होती. तेवढ्यात तुमच्या सुपरवायझरबाई म्हणाल्या, "खराब भराचं नाई कोणी. मागच्या खेपेस एका सेंटरचं काम कमी दिसलं तं सायबानं सगळ्यायसमोर उभं ठेवलं होतं. पहिले पेन्सिलनं भरा, मंग मी पाहीन, मंग पक्कं करा."

तुमच्यात हीच पद्धत. महिन्याचा अहवाल आधी पेन्सिलीने भरायचा. वरून 'चालेल' आले की त्याच अक्षरांवरून पेन फिरवायचे. त्याला तुम्ही पक्के करणे म्हणता. पेन्सिलीतले काहीच खरे धरायचे नाही, पेनातले सगळे खरे. पहिल्या रांगेतल्या एकीने भरले आणि तिचा फॉर्म हातोहात मागे गेला. अर्ध्या तासात माझ्याकडे तेरा फॉर्म आले, सगळे सारखे, सगळे पक्के. साथीच्या ऐन भरात तेराही जणींना गाढ झोप लागत होती आणि स्वतःचा अभिमान वाटत होता. चौदावा फॉर्म कोरा होता. तो तुझा.

मी भडकले. भाषणच केले. तुम्हाला पुरेसे मास्क मिळाले नाहीत, लोक तुम्हाला दारात उभे करत नाहीत, आणि तुम्ही लिहिता सगळे छान आहे. आता आपले दुःखही वरून मंजूर करून घेणार का, असे विचारले. बायका रजिस्टरे आवरू लागल्या. मग कोपऱ्यातून तुझा आवाज आला.

"चांगली बोलते पोरगी. च्या पाजा हिले, घसा सुकला असंल."

सगळ्या हसल्या. मीही, नाइलाजाने. बाहेर पडताना तू माझी पिशवी धरलीस आणि म्हणालीस, "त्यायले अजून नको विचारू. त्यायले भेव हाय. तू माज्या गावाले ये, तिथं सांगीन." मी तुला मॅडम म्हटले तर म्हणालीस, "मॅडम आमच्या डोक्यावर बसतात. मले मावशी म्हण."

तसे मी म्हटले, आणि दोन महिने तुझ्या स्कुटीवर मागे बसून फिरले. नवेगाव बांधच्या बाजूच्या त्या सगळ्या टोल्या, चार-सहा घरांच्या वस्त्या, धानाच्या बांध्यांमधल्या पायवाटा, तुझ्या मांडीजवळ लसीचा डबा, माझ्या मांडीवर फॉर्म. तू रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला हाक मारायचीस. कोणाला गोळ्या घेतल्या का, कोणाला सुनेला कधी आणतो. एक म्हातारा तुला पाहून रोज बांधावरून उतरून पळायचा, कारण तू त्याला मोतिबिंदूच्या शिबिराला न्यायला टपलेली होतीस.

माझ्या फॉर्मची भाषा तूच बदललीस. 'मला स्वतःबद्दल समाधान वाटते' हे वाक्य तू तीनदा वाचलेस आणि विचारलेस, "हे कोण बोलते घरी?" मग म्हणालीस, "असं विचार: आपण आपल्यालेच बरं वाटतो का?" तेवढ्याने फरक पडला. पुढच्या केंद्रांवर मी बैठकीत फॉर्म वाटले नाहीत. एकेकीजवळ बसले, तुझ्या शब्दांत विचारले. कामठ्याकडची एक नर्सबाई त्या एका प्रश्नावर इतका वेळ गप्प राहिली, की तिच्या चुलीवरचा भात लागला. मग तिने जे सांगितले ते मी लिहून घेतले. त्या गठ्ठ्यात आज जे काही खरे आहे ते तुझ्यामुळे आहे, मावशी. तू समोर होतीस तेव्हा हे मी एकदाही म्हटले नाही.

तुझा फॉर्म आपण उपकेंद्राच्या पायरीवर बसून भरला. तू साथीच्या वॉर्डातली पंधरा दिवसांची ड्यूटी करून नुकतीच आली होतीस. मी वाचत होते, खुणा तूच करत होतीस. पेन्सिलीने. "पक्कं मंग करू," म्हणालीस.

दुसऱ्या पानावर आलो. वाक्य होते: मी लोकांच्या उपयोगाची आहे. तू 'पूर्ण पटते' वर खूण केलीस. चार वाक्यांनंतर होते: मी कोणाच्याच उपयोगाची नाही. तू तिथेही 'पूर्ण पटते' वर खूण केलीस.

मला हसू आले. मी समजावले, की ही उलटी वाक्ये मुद्दाम पेरलेली असतात. न वाचता खुणा करणारा माणूस त्यात सापडतो. दोन्हींना हो म्हटले तर फॉर्म बाद होतो. एक काहीतरी निवड.

तू पेन्सिल कानामागे खोचलीस.

"आज सकाळी टोलीवर गेली होती. पोरगं झालं तं रडेच ना. निळं पडलं होतं. पाठ चोळली, तोंड साफ केलं, फुंकर देल्ली. रडलं. त्याच्या आजीनं माजे पाय धरले. तवा मी कामाची होती का नाई?"

"होतीस."

"तिथून दुपारी पाटलाच्या वाड्याच्या मागं, त्या शिक्षकाच्या घरी गेली. त्याच्या बायकोचं बाळंतपण मीच केलं मागच्या साली. ते बायको दारातूनच म्हणते, बाई, तुमी त्या वॉर्डातून आल्या, आत नका येऊ, पोराले नका हात लावू. मी पाणी मागतलं. तिनं लोटा अंगणात ठेवला न् मागं सरकली. मी पेली. लोटा तिथंच ठेवला. ते म्हणते, तो लोटा घेऊनच जा बाई."

"मग?"

"मंग काय, आणला. आत हाय. चांगला हाय लोटा."

तू हसलीस. मी हसले नाही. मला ती गोष्ट पिशवीत घालायची घाई झाली होती. तरी मी पुन्हा म्हटले, "मावशी, पण एकूण काय वाटतं? दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?"

"काऊन नसंल? तुज्या कागदाले एकच लागते. माज्याजवळ दोन हायेत."

मी वाद घातला. मनात गोंधळ असेल तर तो गोंधळ लादलेला असतो, असे काहीतरी बोलले. शोषण झालेल्या माणसाला स्वतःची खरी स्थिती दिसत नाही, हेही मी तुला समजावले, तुझ्याच पायरीवर बसून. तू ऐकून घेतलेस आणि म्हणालीस, "बरं. पेन्सिलनंच राहू दे. तुले बदलवाचं असंल तं बदलव."

मी बदलले नाही. मी तत्त्वाची मुलगी. घरी येऊन लाल पेन्सिलीने कोपऱ्यात 'विसंगत' लिहिले आणि फॉर्म बाजूला ठेवला. पहिल्या बैठकीतले ते तेरा नक्कल केलेले फॉर्म नियमात बसत होते. एकही वाक्य दुसऱ्याला कापत नव्हते. ते गठ्ठ्यात गेले.

त्याच आठवड्यात मी पत्रक काढले. नर्सबायांना मास्क द्या, औषधे द्या, सन्मान द्या. त्यात लोट्याची गोष्ट घातली. तुझे नाव नव्हते, 'एक आरोग्यसेविका' होते. शेवटी मी लिहिले, 'हे सांगताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.' पत्रक तुझ्यापर्यंत पोहोचायचेच होते. कोहमाऱ्याच्या चौकात ढाब्यावर तू मला ते घडी उघडून दाखवलेस. तीच आपली शेवटची भेट.

"हे बाई कोण हाय?"

मी तो कागद तुझ्या हातून घ्यायला गेले.

"मी कवा रडली वं?"

"मावशी, ते लोकांना कळायला..."

"पाणी होतं डोळ्यात. सर्दी होती मले. तू रुमाल देल्ला होता."

ढाबेवाल्याला तू ओळखीची. त्याने चहा ठेवता ठेवता विचारले, "क्या सिस्टर, आज छोकरी को डांट रहे हो?"

"डांट नाई भाऊ, शिकवून राहिली," तू म्हणालीस. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "तुले रडणारी बाई पायजे होती. मी नाई रडली, तं तू रडवली."

मला लागले. तेव्हा मी, खरे बोलायचेच तर सगळेच बोलू म्हणून, तुला सांगून टाकले की तुझा फॉर्म मी बाजूला काढला आहे. तो मोजला जाणार नाही.

तू बशीत चहा ओतलास. फुंकर मारलीस.

"म्हणजे पत्रकात मी चालते. मोजणीत नाई."

"नियम आहे मावशी."

"असंल. आमच्याकडंबी नियमच हाय."

माझी बस अलीकडच्या थांब्यावर उभी होती. तू तिथपर्यंत स्कुटीवर सोडलेस. खड्ड्यात मी तुझ्या पाठीला धरले. पाठ गरम होती. मला वाटले ऊन आहे.

माझ्या हाताला ती पाठ अजून आहे, मावशी. दुसरे काही जाणवत नाही, ते मात्र जाणवते. तुझे रोजचे काम काय होते? ज्याला ताप त्याच्या बोटाला सुई टोचायची आणि काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. मलेरियाचा जिल्हा. त्या दिवशीही तुझ्या डब्यात पट्ट्या होत्या, कापसात गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर नाव. मी एकदा गमतीने विचारले होते, तुझी पट्टी कोण काढते? तू म्हणाली होतीस, "माजी कायले? मी काय पेशंट हाय?" तेही त्या दोन वाक्यांतलेच एक होते. मी ते गमतीत धरले.

चौथ्या दिवशी सुपरवायझरबाईंचा फोन आला. "विमल गेली. आजची बैठक नाई, येऊ नको." मी विचारले, "मग बैठक कधी आहे?" हे मी विचारले. त्यांनी तारीख सांगितली, आणि मी ती लिहून घेतली.

पुढचे मला नंतर कळले. साथीच्या वॉर्डात काम केलेली बाई म्हणून तुला वेगळ्या खोलीत ठेवले होते. घशाचा नमुना लांब पाठवला आणि सगळे त्याची वाट पाहत राहिले. रक्ताची पट्टी तिसऱ्या दिवशी काढली. मलेरिया होता, डोक्यात चढलेला. घशात काहीच निघाले नाही. यावर एक पत्रक होईल. बाबांनी दोनदा सुचवले. मी कागद घेऊन बसले आणि 'बंधू-भगिनींनो' च्या पुढे गेले नाही, कारण पुढे तुला पुन्हा रडवावे लागेल की काय, अशी मला धास्ती वाटते.

तुझ्या घरी आले तेव्हा तो शिक्षक आणि त्याची बायको अंगणात उभे होते. ती बाई मुलाला कडेवर घेऊन होती. तिला कोणी काही म्हटले नाही. टोलीवरची आजी तिच्या शेजारीच बसली होती. तुझ्या घरातल्या पोरींनी सगळ्यांना पाणी दिले, आणि मला ज्या लोट्यातून दिले तो बहुतेक तोच असावा. चांगला होता. मी पाणी पिऊन तो खाली ठेवला.

काल सरांना फोन केला. सर वाईट माणूस नाहीत. तुझ्याबद्दल सांगितले तर त्यांनी तुझे नाव विचारून घेतले. मग म्हणाले, "दोन विरुद्ध वाक्यांना एकच उत्तर असेल तर ते न वाचता दिले असे धरावे लागते. एकीला सूट दिली तर सगळ्या मोजमापालाच अर्थ राहत नाही."

"तिने वाचून दिले होते, सर. मी समोर होते."

"मला कळतंय. पण कागदाला कसं कळणार?" आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "त्यातली एक खूण जरी वेगळी असती..."

ते तिथेच थांबले. मी फोन ठेवला.

तेव्हापासून रबर टेबलावर आहे. तू पेन्सिलीनेच ठेवले होतेस, मला बदलवायचे असेल तर. एक खूण पुसायची, एक घर उजवीकडे सरकवायची, लाल अक्षरे खोडायची, आणि तू मोजणीत येशील. कोणाला कळणार नाही. ज्या तेरा जणींवर मी ओरडले, त्यांनी हेच केले होते, आणि आज त्यांची पद्धत मला समजते. आपले माणूस यादीतून गळू नये म्हणून माणूस काय काय पुसायला तयार होतो.

पण कोणती पुसू? मी दोन्हींवर रबर धरून पाहिले. पहिली पुसली तर टोलीवरचे ते पोर रडायचे राहते. दुसरी पुसली तर तू त्या अंगणात कधी उभीच नव्हतीस, आणि पाठही गरम नव्हती, सगळे छान होते. पायरीवर बसून मी तुला एक निवड म्हणत होते तेव्हा मला वाटत होते मी तुला सोपे करून देते आहे.

तुझे म्हणणे मला पटले असे मी म्हणणार नाही. मोजले पाहिजे, आकड्याशिवाय साहेब ऐकत नाहीत, हे मला अजूनही वाटते. तू असतीस तर यावर आपण कोहमाऱ्यापर्यंत भांडलो असतो. पण तुझ्यापुरते मी चुकले. न वाचता खूण करणारी तू नव्हतीस. खूण न वाचणारी मी होते.

मी रबर ड्रॉवरमध्ये टाकले आहे. आत्ता पेन घेऊन दोन्ही खुणांवरून फिरवले. आधी पहिली, मग दुसरी. शाई वाळेपर्यंत थांबले. कोपऱ्यातला माझा लाल शब्द तसाच ठेवला, तो माझा आहे, मी तो लपवणार नाही. त्याखाली लिहिले: 'वाचून, विचार करून दिलेले उत्तर. दोन्ही खरे.' आणि खाली सही केली, पत्रकाखाली कधी करत नव्हते ती, माझ्या पूर्ण नावाची.

मग सुतळी सोडली आणि फॉर्म सगळ्यांत वर ठेवून पुन्हा बांधली. नागपूरला तो बाजूला काढतील, हे मला माहीत आहे. पण काढण्याआधी कोणाला तरी तो हातात घ्यावा लागेल, वाचावा लागेल. पेनाने लिहिले आहे, मावशी. तुझे पक्के झाले.